भरतीची ओढ आणि बुधाचे कोडे

भरती-ओहोटी ही समुद्रकाठची गोष्ट, असा आपला समज असतो. वास्तविक भरती घन खडकालाही येते आणि वायूच्या गोळ्यालाही. अंतर निम्मे झाले की भरतीचे बल आठपट होते. म्हणूनच ताऱ्याला खेटून फिरणाऱ्या ग्रहाचे भवितव्य तेच ठरवते.

भरतीच्या घर्षणाने पृथ्वीचे परिवलन मंदावत असले पाहिजे, असे कांट या तत्त्वज्ञाने १७५४ साली मांडले. १८७९ च्या सुमारास चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव जॉर्ज यांनी त्या विचाराला गणिताची बैठक दिली. चंद्र आपल्याला एकच बाजू का दाखवतो, हे त्यातून उलगडले.

मग सूर्यालगतच्या बुधाचेही तसेच असणार! मिलानचे खगोलवेत्ते स्कियापारेल्ली यांनी दुर्बिणीतून बुधावरील डाग पाहून १८८९ मध्ये तेच जाहीर केले : परिभ्रमण ८८ दिवसांचे, परिवलनही ८८ दिवसांचे, एका बाजूस कायम दिवस, दुसरीस कायम रात्र. सिद्धान्त आणि निरीक्षण जुळले. शंका घेणार कोण?

१९६५ मध्ये पेटनगिल आणि डाइस यांनी अरेसिबो येथून बुधावर रडारलहरी सोडल्या. परिवलन भरले सुमारे ५९ दिवसांचे! इटलीच्या कोलंबो यांनी ध्यानात आणून दिले की, हे ८८ चे दोन-तृतीयांश आहेत. दोन प्रदक्षिणांत बुध स्वतःभोवती तीनदा फिरतो. त्याची कक्षा चांगलीच लंबवर्तुळाकार; सूर्यापासूनचे अंतर ४.६ कोटी ते ७ कोटी किलोमीटर. सूर्याजवळून जाताना भरतीचे बल सर्वाधिक असते, आणि तिथल्या वेगाशीच बुधाने आपल्या गिरकीचा मेळ घातला आहे. बुध नीट दिसण्याच्या वेळाही अशा येतात की, पुष्कळदा तोच भाग समोर असतो. म्हणून डोळेही फसले.

१९९५ मध्ये मेयर आणि क्वेलोझ यांना ‘५१ पेगासी’ ताऱ्याभोवती ४.२ दिवसांत फिरणारा ग्रह सापडला. पुढे सापडलेल्या ‘वास्प-१२ बी’चे वर्ष तर जेमतेम २६ तासांचे. चंद्र पृथ्वीपासून दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर सरतो, कारण पृथ्वीची गिरकी त्याच्या प्रदक्षिणेहून वेगवान आहे. इथे उलटे : तारा सावकाश फिरतो, त्याच्यावरचा भरतीचा फुगवटा मागे रेंगाळतो आणि ग्रहाला मागे खेचतो. ग्रह आत घसरतो. त्याचे वर्ष दरसाल सुमारे २९ सहस्रांश सेकंदाने आखडते आहे.

मला या इतिहासात मोलाचे वाटते ते असे : डार्विन यांचे गणित खोटे नव्हते. पण ते बुधाला लावताना त्याची कक्षा विचारात घेतली गेली नाही, आणि शहात्तर वर्षे जुळलेले उत्तर तपासलेले मानले गेले. ‘वास्प-१२ बी’ आत घसरतो आहे हे आज आपण ठामपणे म्हणतो, ते गणित तसे सांगते एवढ्यावरून नव्हे. वर्षानुवर्षे घड्याळ लावून ते मोजले आहे म्हणून.