अंबरनाथचे देऊळ आणि १०५४ चा ‘पाहुणा तारा’

१/ कल्याणजवळच्या अंबरनाथ शिवमंदिराच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे वर्ष कोरलेले आहे. राज्य शिलाहार नृपती मुम्मुणीचे. ठाणे तेव्हा ‘श्रीस्थानक’ म्हणून ओळखले जाई. या लेखाच्या सहाच वर्षे आधी आकाशात एक विलक्षण घटना घडली होती.

२/ ४ जुलै १०५४. चिनी ज्योतिषांनी वृषभ राशीत ‘पाहुणा तारा’ नोंदवला. तो २३ दिवस भरदिवसा आणि रात्री जवळजवळ दोन वर्षे दिसत राहिला. वस्तुतः तो एका महाकाय ताऱ्याचा मृत्यू होता : सुपरनोव्हा.

३/ कोकणात तो कोणी पाहिला का? जयंत नारळीकर आणि संस्कृत विदुषी सरोजा भाटे यांनी भारतीय साहित्यात त्याचा शोध घेतला. निःसंदिग्ध उल्लेख हाती लागला नाही. जुलैतले पावसाळी ढग हे कारण सहज सुचते. परंतु पुढचे दोन हिवाळे तारा दिसत होता. ‘पाहिले नाही’, ‘लिहिले नाही’ आणि ‘लिहिलेले टिकले नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पुराव्याच्या अभावी त्यांतली एक निवडणे, हा इतिहास नव्हे.

४/ ताऱ्याने मात्र स्वतःची नोंद मागे ठेवली. सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे दूर असलेला क्रॅब तेजोमेघ हा त्याचाच अवशेष. त्याच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे ३० वेळा स्वतःभोवती फिरणारा न्यूट्रॉन तारा आहे. ही गती हळूहळू मंदावते आणि ताऱ्याने गमावलेली ऊर्जा इलेक्ट्रॉनांना जवळजवळ प्रकाशाचा वेग देते.

५/ असे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात मळसूत्री मार्गाने वळताना क्ष-किरण आणि त्यापलीकडचे प्रारण सोडतात. यालाच सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. साध्या प्रकाशकणांना धडक देऊन ते त्यांनाही अतितीव्र गॅमा किरणांच्या पातळीवर नेतात.

६/ इ.स. १००६ च्या सुपरनोव्हासारख्या अवशेषांत हे काम आघात-तरंग करतो. विद्युतभारित कण त्याची सीमा पुनःपुन्हा ओलांडतात आणि प्रत्येक फेरीत त्यांची ऊर्जा वाढते.

७/ गॅमा किरण जमिनीवर पोचत नाहीत. वातावरणात त्यांच्यापासून कणांची सर निर्माण होते आणि क्षणभर निळसर प्रकाश चमकतो. तो टिपणारी २१ मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीण लडाखमधील हानले येथे आहे. ती साकारली ठाणे खाडीलगतच्या ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने. शिलाहारकालीन कोकणातून ज्याची नोंद मिळत नाही, त्या ताऱ्याच्या अवशेषाची मोजणी आज त्याच खाडीकाठचे शास्त्रज्ञ करीत आहेत.