भार ठेवावा कसा?

सुरत म्हटली की मराठी मनाला शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० च्या स्वाऱ्या आठवतात आणि आठवण तेथेच थांबते. परंतु त्या नगरीशी आपला आणखी एक धागा जुळलेला आहे. तो तलवारीचा नसून तालमीचा आहे. गुजरातेत व्यायामाचा प्रसार करणाऱ्या पुराणी बंधूंपैकी धाकटे अंबुभाई यांचा जन्म १८९४ साली सुरतेत झाला, तर थोरले छोटुभाई यांनी १९०९ साली बडोद्यास लक्ष्मीनाथ व्यायामशाळा काढली. सयाजीरावांचे बडोदे म्हणजे त्या काळी मल्लविद्येचे माहेरघरच होय. जुम्मादादा या मुसलमान उस्तादाचा वारसा राजरत्न माणिकरावांनी तेथे चालविला, आणि पुढे द. चिं. मुजुमदारांचा दहा खंडांचा मराठी व्यायामज्ञानकोशही त्याच नगरीत सिद्ध झाला.

या परंपरेत मुद्गल, करेला, नाल ही साधने केवळ उचलावयाची नसत. ती जागच्या जागी नीट ठेवावयाचीही असत. दसऱ्यास ज्या वस्तूवर हळदकुंकू वाहावयाचे, ती जमिनीवर आपटणे कोणास सुचावे? तथापि यास एक अपवाद आहे, आणि तो मोठा गमतीचा आहे. मारुतीच्या देवळापुढील दगडी गोटी गावचे तरुण खांद्यापर्यंत चढवून पाठीमागे सोडून देत. तेथे माती होती, म्हणून ते शोभले.

पाश्चात्यांच्या भारोत्तोलनाची कथा याहून फारशी निराळी नाही. १८९६ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये व्हिगो येन्सेन व लाँन्सेस्टन एलियट या दोघांनीही दोन हातांनी १११.५ किलो उचलले. तेव्हा राजपुत्र जॉर्ज यांनी डौल पाहून येन्सेनला विजयी ठरविले. पुढे कित्येक वर्षे दांडीला लोखंडी चकत्याच असत. त्या वरून सोडल्या तर फळी फुटे, दांडी वाके. १९६३ साली स्टॉकहोमच्या जागतिक स्पर्धेत स्वीडनच्या एलिको कारखान्याची दांडी अखेरपर्यंत टिकली, ही त्या वेळी वाखाणण्याजोगी गोष्ट ठरली. रबरी चकत्या त्यानंतर रूढ झाल्या आणि भार सोडून देणे सोपे झाले. मात्र नियम अजूनही असा आहे की, पंचांची खूण झाल्यावर भार अंगासमोरून खाली आणावा, व तो खांद्यांच्या खाली आल्यावरच पकड सोडावी. डोक्यावरून फेकून देणे आजही नियमबाह्यच होय.

आता आजच्या सुरतेकडे येऊ. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. अशा दाट वस्तीत व्यायामशाळा वरच्या मजल्यावर असली, आणि खाली यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला कामगार निजलेला असला, तर भार टाकण्यास मनाई असणारच. ती रास्तही आहे. मग ऑलिंपिक पद्धतीचा सराव सोडावा काय? मुळीच नाही. डोक्यावरील दांडी गुडघे किंचित वाकवून खांद्यांवर झेलावी, तेथून मांड्यांवर आणावी, मग पाठ ताठ ठेवून जमिनीवर टेकवावी. दांडी जमिनीऐवजी मांडीपासून उचलण्याचे प्रकार करावेत, नुसत्या ओढीचा सराव वाढवावा. उतरताना स्नायूंवर पडणारा ताण हाही व्यायामच आहे. फक्त त्यात शक्ती खर्च होते, म्हणून आवर्तने कमी ठेवावी लागतात.

परंतु येथे एक धोका आहे, आणि तो शिस्तीच्या नावाखाली झाकता कामा नये. फसलेला भार हातून सुटू देणे हाच शरीराचा बचाव असतो. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळविले. सुवर्ण अवघ्या एका किलोने हुकले. १३९ किलोच्या प्रयत्नात त्याच्या उजव्या कोपरास दुखापत झाली होती. तेथे रबरी चकत्या होत्या, योग्य फळी होती, वैद्य जवळ होते. फरशीच्या खोलीत, शेजाऱ्यांच्या भीतीने, फसलेला भार धरून ठेवणाऱ्या मुलापाशी यांतले काहीच नसते. म्हणून ज्या शाळेत टाकण्यास मनाई आहे, तेथील वस्तादाने शिष्यास कमाल भाराचा प्रयत्न करूच देऊ नये. तो दिवस तळमजल्यावरच्या, लाकडी फळीच्या जागेसाठी राखून ठेवावा.