जप्त निबंध आणि मोकळा वाचक

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं 'निबंधमाला' काढली. तिच्यांतील शेवटचा निबंध 'आमच्या देशाची स्थिति'. इंग्रजी राज्याच्या उपकारांची त्यांत निर्भीड झडती आहे. १८८२ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षींच, शास्त्रीबोवा वारले. सरकारनें तो निबंध जप्त केला १९१० सालीं! ग्रंथकार जाऊन अठ्ठावीस वर्षें लोटलेलीं, तरी त्याच्या लेखणीची ही धास्ती. इतका आस्थेवाईक वाचक (आम्ही अध्यापक हें थोड्या असूयेनेंच लिहितों) मराठी निबंधास क्वचितच लाभला असेल. बंदी उठली १९३७ सालीं, मुंबई प्रांतांत काँग्रेसचें मंत्रिमंडळ आल्यावर.

आतां 'निबंधमाला' इंटरनेटवर कोणासहि फुकट वाचावयास मिळते. पोलिसाची भीति नाहीं, ग्रंथपालाची मिनतवारी नाहीं. परवां वर्गांत विचारलें, तों विष्णुशास्त्र्यांचें नांव साऱ्यांस ठाऊक. निबंध मात्र एकानेंच वाचलेला, तोहि परीक्षेच्या धाकानें. मुलांस बोल लावावा, तर त्याच रात्रीं आम्ही स्वतः तो पडद्यावर उघडून बसलों आणि तिसऱ्या पानावरून निवडणुकीच्या बातम्यांकडे केव्हां वळलों हें कळलेंहि नाहीं. अखेर कपाटांतली जुनी प्रत काढली. निबंध संपला तेव्हां रात्रीचे दोन वाजले होते.