भैय्या चौकापासून हँकौपर्यंत

सोलापुरातल्या भैय्या चौकाजवळ आले की माझी सायकल आपोआप मंदावते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर तिथे आहे. आता त्याचे स्मारक झाले आहे. दरवर्षी शाळेतल्या मुलांना मी तिथे नेतो आणि दरवर्षी तेच सांगतो. १९१० साली आपल्या गावात जन्मलेला हा मुलगा डॉक्टर झाला, चीनला गेला आणि तिथल्या जखमी सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारला. मुले ऐकतात, वहीत टिपून घेतात.

यंदा मात्र सातवीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, कोटणिसांच्या आधी आपल्याकडचे कोणीच चीनला गेले नव्हते का?"

"पुढच्या तासाला सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली. उत्तर मला ठाऊक होते. सांगण्याचा धीर होत नव्हता. वाचकहो, ते उत्तर आज तुमच्यापुढे ठेवतो.

गेले होते. आधी गेली ती आपली अफू. माळव्यातली अफू मुंबईच्या बंदरात जहाजांवर चढे आणि कँटनकडे रवाना होई. चीनने ती बंद पाडू पाहिली, तेव्हा इंग्रजांनी युद्ध केले. १८४२च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग त्यांच्या पदरात पडले आणि शांघाय, कँटन यांसारखी पाच बंदरे त्यांच्या व्यापाराला खुली झाली. पुढे बंदराबंदरांत परक्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. जमीन चीनची, पण कर, कोर्ट आणि पोलीस परक्यांचे! मुंबईचे जे. जे. रुग्णालय आणि पुण्याचे ससून ही नावे आपण कृतज्ञतेने घेतो, आणि घ्यावीतच. पण त्या दोन्ही घराण्यांच्या संपत्तीत चीनच्या अफूचाही पैसा होता, हे विसरून चालणार नाही.

अफूमागोमाग गेले आपले शिपाई. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीत चौकाचौकात पंजाबातले शीख पोलीस उभे असत. ३० मे १९२५ रोजी तिथे इंग्रज अधिकाऱ्याच्या हुकमावरून पोलिसांनी चिनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. त्या पोलिसांत चिनी होते, तसे शीखही होते. १९२७ साली इंग्रजांनी तिथे हिंदी पलटणी धाडल्या, तेव्हा मद्रासच्या काँग्रेसने त्या परत बोलवा अशी मागणी केली. आम्हां सोलापूरकरांना हे निराळे समजावून सांगायला नको. १९३०च्या मे महिन्यात याच गावात गोळीबार झाला, मार्शल लॉ पुकारला गेला, आणि पुढच्या जानेवारीत धनशेट्टी, शिंदे, सारडा व कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यात फासावर गेले.

मग १९३७ उजाडले. ऑगस्टमध्ये जपानी फौजा शांघायवर तुटून पडल्या. सूचौ खाडीच्या उत्तरेला चापेईचा भाग जळत होता आणि दक्षिणेला परक्यांच्या वसाहतीत दिवे चालू होते. ऑक्टोबरच्या अखेरीस खाडीकाठच्या एका गोदामात काही शे चिनी सैनिक ठाण मांडून लढले. पलीकडच्या काठावरून हजारो लोक ती लढाई पाहत होते. तोफेचा गोळा चुकून वसाहतीत पडू नये म्हणून जपान्यांनाही हात आखडता घ्यावा लागला. तहाच्या कागदावरची रेघ अशी काही काळ भिंतीसारखी उभी राहिली. लाखो निर्वासित तिच्या आड आले. मात्र ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी फौजा सरळ आत शिरल्या आणि ती भिंतही पडली.

याच युद्धात चीनचे सेनापती चू ते यांनी नेहरूंकडे मदत मागितली. सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' बोटीने मुंबईहून पाच डॉक्टर निघाले: अटल, नागपूरचे चोळकर, मुखर्जी, बसू आणि आमचे कोटणीस. अफूच्याच वाटेने ते हाँगकाँगला आणि कँटनला गेले. पण पेट्यांत औषधे होती. पुढे ते यांगत्सेकाठच्या हँकौला पोचले. तिथेही नदीकाठाने एकेकाळी पाच परक्या देशांच्या वसाहती होत्या. इंग्रजांची चिन्यांनी १९२७ साली परत मिळवली होती, फ्रेंचांची अजून शिल्लक होती.

२१ ऑक्टोबरला कँटन पडले, २५ला हँकौ. पंचांग काढून पाहिले, तर ते दिवस ऐन दिवाळीचे! इकडे सोलापुरात दारोदार पणत्या लागत होत्या, आणि तिकडे आपल्या गावचा मुलगा पडत्या शहरांच्या पुढे पुढे, नदीच्या वरच्या अंगाला सरकत होता. पुढे १९३९च्या आरंभी हे पथक येनानला पोचले. त्या सुमारास वडील वारल्याची बातमी आली, तरी कोटणीस परतले नाहीत. १९४१ साली ते बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. पाचांपैकी चौघे घरी आले.

पुढच्या तासाला मी हे सगळे वर्गात सांगितले. वर्ग गप्प झाला. ती मुलगी म्हणाली, "म्हणजे गुरुजी, त्यांनी आपलं देणं फेडलं?"

"एका माणसाने फिटण्याजोगे ते नव्हते," मी म्हणालो. "आणि ते काही देणे फेडायला गेले नव्हते, जखमी माणसे बरी करायला गेले होते. देणे कोणाचे होते, हे मात्र आपण लक्षात ठेवायचे."

कोटणिसांचे नाव तिच्या वहीत आधीच होते. त्याच्या वर थोडी जागा उरली होती. तिथे तिने बारीक अक्षरात 'अफू' आणि 'शिपाई' असे दोन शब्द लिहिले. मी ते खोडायला सांगितले नाही.