सेल्फ लागत नाही

मोटारीच्या ज्या भागाला आपण मराठी माणसांनी सर्वांत थोर नाव दिलं आहे, तो भाग म्हणजे 'सेल्फ'. मूळ नाव सेल्फ-स्टार्टर. आपण त्याचं शेपूट कापलं आणि नुसता 'सेल्फ' ठेवला. त्यामुळे गॅरेजमध्ये कानावर पडणारी वाक्यं अध्यात्माच्या फार जवळ जातात. "साहेब, तुमचा सेल्फ गेलाय." "सेल्फ खोलून साफ करावा लागेल." "सेल्फमध्ये दोष नाही हो, पण त्याला आतून जोरच मिळत नाही!" ऋषिमुनींनी जे सांगण्यासाठी अरण्यात जाऊन डोळे मिटले, ते आमचा मेस्त्री गालात तंबाखूची गोळी धरून, गाडीखाली आडवा पडून सांगतो.

मी स्वतः मोटारवाला नव्हे. मी ढकलणारा. जुन्या मोटारींच्या इतिहासावर लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की त्यांची मागची बाजू मी फार जवळून पाहिलेली आहे. इतिहास नेहमी स्टिअरिंगवर बसलेल्यांनी लिहिला. मागून ज्यांनी खांदा लावला, त्यांची बखर कुणी लिहिली नाही. ती उणीव आज भरून काढावी म्हणतो.

आणि ही परंपरा काही आजकालची नाही बरं का! मोटारीच्या इतिहासातला पहिला लांबचा प्रवास झाला १८८८ साली, जर्मनीत. तो केला बर्था बेंझ या बाईंनी. नवरा कार्ल बेंझ. मोटारीचं पेटंट त्याच्या नावावर. बाई त्याला न सांगता दोन मुलांना घेऊन भल्या पहाटे मॅनहाइमहून निघाल्या, त्या शंभरेक किलोमीटरवरच्या फॉर्झहाइमला. फॉर्झहाइम म्हणजे बाईंचं माहेर. म्हणजे मोटारीचा पहिला मोठा उपयोग जगात कशासाठी झाला, तर माहेरी जाण्यासाठी. त्या गाडीला सेल्फ नव्हता, हँडलही नव्हतं. मागचं भलंमोठं आडवं चाक हातानं गरगरा फिरवायचं, की इंजिन सुरू. आणि चढ आला की? चढ आला की दोन्ही पोरं खाली उतरून गाडी ढकलत होती. पहिल्या प्रवासाचं सगळं श्रेय आईला मिळालं, ते योग्यच आहे. पण आम्हा ढकलणाऱ्यांचे मूळपुरुष ते दोन मुलगे आहेत, हे नोंदवून ठेवतो.

पुढे हँडल आलं. गाडीच्या नाकात घालायचं आणि फिरवायचं, इतकं ते सोपं दिसे. पण पेट्रोलचं इंजिन हा मोठा मानी प्राणी. ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन उलटा झटका देई आणि हँडल फिरवणाऱ्याच्या मनगटावर येई. म्हणून जाणते लोक हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवत, मूठ वळत नसत. झटका आला तर हँडल निदान हातातून सुटावं! मनगटाजवळचं हाड ज्या प्रकारे मोडतं त्यातल्या एका प्रकाराला डॉक्टर मंडळी आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. हँडल गेलं, शोफर गेले, पण मोडलेलं हाड वैद्यकाच्या पुस्तकात आपली नोकरी टिकवून आहे.

सेल्फच्या जन्माची कथा अमेरिकेत फार रंगवून सांगतात. बायरन कार्टर नावाचे एक मोटार बनवणारे गृहस्थ होते. डेट्रॉइटजवळच्या एका पुलावर एका बाईंची कॅडिलॅक बंद पडली. हे मदतीला धावले, हँडल मारलं, इंजिनानं झटका दिला, हँडल जबड्यावर बसलं आणि त्यातच पुढे त्यांचा अंत झाला. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड हे त्यांचे मित्र. त्यांनी शपथ घेतली, की माझ्या मोटारीनं यापुढे असा जीव जाता कामा नये! कथा सुंदर आहे. अडचण एवढीच, की सांगणारे ती बहुधा १९१० च्या हिवाळ्यात घडवतात आणि कार्टर तर वारले १९०८ साली. पण आख्यायिकेला पंचांग विचारायचं नसतं. माणसं हँडलनं जायबंदी होत होती आणि लेलंडना त्याचा बंदोबस्त हवा होता, एवढं मात्र शंभर टक्के खरं.

तो बंदोबस्त केला चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरनं. हा मनुष्य १९०४ साली डेटन गावी गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागला होता. त्या यंत्राचा दांडा कारकून बिचारा दिवसभर फिरवत बसे. केटरिंगनं त्याला विजेची छोटी मोटर बसवली. लोक म्हणाले, एवढीशी मोटर तापून जळेल. तो म्हणाला, दिवसभर चालवली तर जळेल. पण गल्ला उघडायला लागतो क्षणभर! क्षणभर कुणीही आपल्या कुवतीबाहेरचं काम करू शकतो. (लग्नकार्यात पंक्तीत वाढणारे आपले सडपातळ काका आठवा.)

हाच हिशेब त्यानं मोटारीला लावला. इंजिन फिरवायचं तर इंजिनाएवढीच विजेची मोटर लागेल, असं शहाण्यांचं मत होतं. केटरिंगनं एका स्नेह्याच्या घरामागच्या कोठारात बसून छोटी मोटर, बॅटरी आणि दाते जुळवले. १९११ च्या फेब्रुवारीत यंत्र लेलंडना नेऊन दाखवलं आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ते बसलं. इंजिन सुरू झालं की तीच मोटर उलट वीज तयार करून बॅटरी भरून काढायची. घेतलेलं कर्ज परत फेडणारं यंत्र माझ्या माहितीत हे पहिलंच.

या एका बटणानं फार उलथापालथ केली. त्याआधी हँडलची धास्ती घेतलेली मंडळी, विशेषतः बायका, विजेवर चालणारी मोटार पसंत करत. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची विजेची गाडी चालवत. (नवऱ्यानं जगाला पेट्रोलची गाडी विकावी आणि बायकोनं विजेची चालवावी! फोर्डसाहेबांच्या लोकप्रिय 'मॉडेल टी'ला सेल्फ मिळायला १९१९ साल उजाडलं.) हँडल गेलं तसं पेट्रोलच्या गाडीतलं मोठं भय गेलं आणि विजेच्या गाड्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. म्हणजे पाहा, बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीला संपवायला हातभार लावला तो बॅटरीनंच!

बॅटरी खरं म्हणजे मोटारीपेक्षा वयानं मोठी. गास्तों प्लांते या फ्रेंच गृहस्थांनी ती १८५९ साली केली; बेंझच्या पेटंटच्या सत्तावीस वर्षं आधी. शिशाच्या पट्ट्या, गंधकाचं पातळ ॲसिड, दोन-दोन व्होल्टचे सहा कप्पे, झाले बारा व्होल्ट. रचना इतकी साधी, की कुणालाही वाटावं हिच्यात बिघडायचं काय? पण घरातल्या वडीलधाऱ्यांसारखं तिचं आहे. तिला वेळच्या वेळी पाणी लागतं, तेही डिस्टिल्ड. तिला नुसतं बसवून ठेवलेलं खपत नाही. गाडी महिनोन्महिने झाकून ठेवली, की ती आतल्या आत उतरत जाते, शिशाच्या पट्ट्यांवर क्षार साठून कडक होतात, आणि मग कितीही चार्जिंगला लावा, तिचं मन परत भरत नाही. उन्हाळ्यात ती झिजते, पाणी आटतं, पण तक्रार करत नाही. हिवाळ्यात ऑइल घट्ट होतं, इंजिन जड फिरतं, तेव्हा एका सकाळी ती अचानक हात वर करते. आपण थंडीला दोष देतो. खरा घाव मे महिन्यातलाच असतो.

शिवाय तिचं दुखणं ओळखायला वैद्य लागतो. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, आणि सेल्फ मारला की नुसता 'टक्'! नवखा मालक म्हणतो, "दिवे तर लागतायत, बॅटरी कशी उतरेल?" अहो, दिव्याला लागते चिमूटभर वीज आणि सेल्फला लागते पोतंभर. मेस्त्रीची परीक्षा साधी असते. दिवे लावून सेल्फ मारायचा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर ती हिरवी-पांढरी बुरशी चढली आहे. खाण्याचा सोडा आणि गरम पाणी ओतलं की पुष्कळदा काम भागतं. दिवे ढिम्म हलले नाहीत, तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही. सहा व्होल्टच्या जुन्या गाड्यांत तर हे दुखणं दुप्पट. तेवढंच काम करायला त्यांना दुप्पट करंट लागतो, आणि बुरशीचा एवढासा थरही मग आडवा येतो. त्यात जुन्या विलायती गाड्यांची आर्थिंग उलटी, म्हणजे बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू गाडीच्या सांगाड्याला जोडलेली. सवयीनं कुणी निगेटिव्ह जोडली, की रेडिओ वगैरे मंडळींना जलसमाधीऐवजी अग्निसमाधी.

आमच्या आळीतल्या डॉक्टरांकडे अशीच एक काळी विलायती गाडी होती. ही गोष्ट सत्तरीच्या दशकातली. डॉक्टरांच्या धंद्यात आणि त्या गाडीच्या डायनॅमोत मुळातच वैर. डायनॅमो वीज करणार इंजिन जोरात फिरलं तर. आणि डॉक्टर जाणार या बोळातून त्या बोळात. दर व्हिजिटला एकदा सेल्फ, रात्री दिवे, गाडी मुंगीच्या पावलानं. बॅटरीच्या खात्यातून नुसता खर्च, जमा काहीच नाही. ऑल्टरनेटर आला आणि हळू चालणाऱ्या इंजिनावरही वीज मिळू लागली, ते सुख आमच्या आळीला फार उशिरा लाभलं. तोवर आम्ही होतो.

डिसेंबरातल्या एका रात्री दोन वाजता डॉक्टरांची हाक आली. पलीकडच्या पेठेत एका बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला होता. निरोप घेऊन आलेला नवरा डॉक्टरांच्या दारात सायकल धरून थरथरत उभा. डॉक्टरांनी सेल्फ मारला. 'टक्.' पुन्हा मारला. 'टक्'सुद्धा नाही. पाच मिनिटांत आळी खाली उतरली. लेंग्यातले, धोतरातले, एक तर चक्क सतरंजी पांघरलेले. ज्यांचं एकमेकांशी नळाच्या पाण्यावरून वर्षभर बोलणं नव्हतं, ते दोघे एकाच मडगार्डला भिडले. डॉक्टर ओरडले, "दुसरा गिअर टाकलाय! उतारापर्यंत न्या!" आम्ही नेली. क्लच सुटला, गाडीनं एक आचका दिला, बॅटरीत ठिणगीपुरती धुगधुगी होती तेवढी पुरली, आणि इंजिन पेटलं. गाडी बोळाच्या तोंडाशी वळून दिसेनाशी झाली. त्या सायकलवाल्याला आत कोंबलेलं होतं. त्याची सायकल आमच्याकडेच राहिली. ती न्यायला तो तिसऱ्या दिवशी आला, पेढे घेऊन. नळाचं भांडण मात्र त्याच दिवशी पुन्हा सुरू झालं. पण आवाज थोडा खाली होता.

तेव्हापासून मला त्या 'सेल्फ' शब्दाची गंमत वाटते. नाव स्वावलंबनाचं आणि सगळी भिस्त दुसऱ्यांवर! सेल्फ बॅटरीवर, बॅटरी डायनॅमोवर, डायनॅमो इंजिनावर, इंजिन सेल्फवर, आणि ही साखळी कुठेही तुटली की शेवटी आळीवर. केटरिंगनं माणसाला हँडलमधून सोडवलं, बायकांना स्वतःच्या हिमतीवर घराबाहेर पडायला एक दार उघडून दिलं, त्याचे उपकार मोठेच. पण कुणाची गरज न लागणं हे सुख बारा व्होल्टचंच असतं, कधीही उतरू शकतं, हे जुन्या गाड्यांनी कुणाला विसरू दिलं नाही.

आज ज्यांनी हौसेनं क्लासिक गाड्या जपल्या आहेत, त्यांना हे पाठ असतं. महिन्यातून एकदा जागच्या जागी पाच मिनिटं इंजिन चालवून ते समाधान मानत नाहीत. चांगलं अर्धा-पाऊण तास फिरवून आणतात. गाडी उभी राहायची असेल तर आर्थची वायर काढून ठेवतात. आणि रॅलीला निघताना ढकलू शकतील असे दोन पाहुणे बरोबर घेतात, सरबताचं आमिष दाखवून.

मध्यंतरी आमच्या सोसायटीत एकानं अगदी नवी विजेची मोटार घेतली. क्लाराबाईंची आवड शंभर वर्षांनी पुन्हा फॅशनमध्ये आली म्हणायची. एके सकाळी ती उठेना. पोटात एवढी प्रचंड बॅटरी, शेकडो किलोमीटर धावायची ताकद शाबूत. पण तिचे दिवे, कुलपं आणि सगळी अक्कल जागी करायला म्हणून आत एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली होती! दीडशे वर्षांचा प्रवास करून मोटार पुन्हा प्लांतेसाहेबांच्या दारात येऊन उभी. आम्ही दोघे-तिघे म्हातारे जुन्या सवयीनं बाह्या सरसावून पुढे झालो.

तो तरुण म्हणाला, "काका, ही ढकलून चालू होत नाही."

क्षणभर वाटलं, संपली आमची बखर. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या बाई आपल्या साध्या पेट्रोलच्या गाडीतून लाल-काळ्या केबल घेऊन आल्या. लाल पॉझिटिव्हला लावली, काळीचं शेवटचं टोक बॅटरीपासून लांब, उघड्या धातूला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी जवळ नको, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावं तशी त्यांनी थोडी वीज दिली आणि गाडीचे डोळे उघडले.

आम्ही बाह्या खाली केल्या. तरुण म्हणाला, "थँक्यू हं, काका." वास्तविक आम्ही काहीच केलं नव्हतं. पण उगाच सांगा कशाला?