रांजण कोणाचा भरतो?

आळेफाट्यावर कल्याणहून माळशेजमार्गे आलेला रस्ता पुणे-नाशिक रस्त्याला छेदतो. प्राचीन काळी कोकणातील माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचा, असे परंपरा सांगते. आजही सुके बोंबील, सुकट घाटावर विकली जाते; परंतु ती वाळविणाऱ्या कोळणीला इथला भाव ठाऊक असतो काय?

कॅनडातील नोव्हा स्कोशियात फादर मोझेस कोडी यांनी १९२८ नंतर गरीब मच्छीमारांना अभ्यासमंडळांतून हिशेब व सहकार शिकविला. त्यातूनच शेवंड डबाबंद करणारे त्यांचे स्वतःचे सहकारी कारखाने उभे राहिले.

मासळी वाळविण्याचे कसब कोळणीला आईकडून लाभते. मीठ, मजुरी, वजनातील घट आणि नफा मांडण्याची विद्या मात्र शिकवावी लागते. अन्यथा रांजण दुसऱ्याचाच भरतो.