उंच मानेची फुलदाणी आणि ल्युसी री

बाहेर पसरलेला, किंचित लंबगोल काठ. त्याखाली उंच, निमुळती मान आणि तिला पेलणारा गोलसर घट. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर लंडनमध्ये घडलेल्या या घाटाच्या फुलदाण्या आज जगभरातील संग्रहालयांत मानाने मांडलेल्या दिसतात. बुडाशी ‘एलआर’ अशी छोटी मुद्रा असते. ही मुद्रा ल्युसी री यांची. ब्रिटनच्या आधुनिक कुंभकलेला निराळे वळण देणाऱ्या या कलावतीला त्या देशात प्रथम ओळख मिळाली ती मात्र बटणे बनवणारी म्हणून.

माठ आणि बरणी

ही फुलदाणी ‘स्टोनवेअर’ प्रकारातील आहे. आपल्याकडील माठ तुलनेने कमी तापमानाला भाजला जातो. त्याची माती सच्छिद्र राहते, पाणी झिरपते आणि म्हणूनच ते थंड होते. स्टोनवेअर सुमारे १२०० ते १३०० अंश सेल्सियसला भाजले जाते. या उष्णतेत मातीचे कण एकजीव होऊन भांडे दगडासारखे घट्ट बनते. घरोघरी लोणच्यासाठी वापरली जाणारी जाड बरणी ‘चिनी मातीची’ म्हणून ओळखली जात असली, तरी ती बहुधा याच जातीची असते. ‘स्टुडिओ’ कुंभकला म्हणजे कारखान्यातील श्रमविभागणीऐवजी कल्पनेपासून भट्टीपर्यंतचे काम कलावंताने स्वतःच्या कार्यशाळेत करणे.

व्हिएन्ना ते लंडन

ल्युसी गोम्पर्ट्स यांचा जन्म १९०२ मध्ये व्हिएन्नातील सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. वडील डॉक्टर होते. तेथील कलाशाळेत मिखाएल पोवोल्नी यांच्या हाताखाली त्या चाकावर काम शिकल्या. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या भांड्यांना रौप्यपदक मिळाले. मात्र पुढच्याच वर्षी हिटलरच्या जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि पती हान्स री यांच्यासह त्यांना देश सोडावा लागला. पती अमेरिकेला गेले. त्या लंडनमध्येच राहिल्या. १९४० मध्ये विवाह संपुष्टात आला.

हाइड पार्कजवळच्या अल्बियन म्यूज या गल्लीतील एका जुन्या तबेल्यात त्यांनी कार्यशाळा थाटली. वर घर, खाली चाक. व्हिएन्नात वास्तुविशारद अर्न्स्ट प्लिश्के यांनी त्यांच्यासाठी घडवलेले लाकडी सामानही त्यांनी येथे आणले. युद्धकाळात पोटासाठी त्यांनी फॅशनच्या कपड्यांकरिता मातीची बटणे बनवली.

लीच यांचा सल्ला, कोपर यांची साथ

ब्रिटिश कुंभकलेवर त्या वेळी बर्नार्ड लीच यांचा प्रभाव होता. चीन, जपान आणि जुन्या इंग्लंडची भरदार, जाड भांडी हा त्यांचा आदर्श. री यांची पातळ, नाजूक भांडी त्यांच्या पसंतीस उतरली नाहीत. परक्या देशात नव्याने उभ्या राहू पाहणाऱ्या निर्वासित स्त्रीला हा अभिप्राय दुर्लक्षिता येण्यासारखा नव्हता. काही काळ त्यांनी आपली शैली बाजूला ठेवून लीच यांच्या वळणाची भांडी करून पाहिली.

१९४६ मध्ये हान्स कोपर हा जर्मनीतून आलेला तरुण निर्वासित बटणांच्या कामासाठी कार्यशाळेत दाखल झाला. कुंभकामाचा त्याला अनुभव नव्हता, पण नजर विलक्षण होती. री यांनी आपल्याच वाटेने जावे, असा त्याचा आग्रह होता. त्या आपल्या वाटेवर परतल्या. लीच यांच्याशी स्नेह कायम राहिला; अनुकरण मात्र थांबले. पुढे कोपरही थोर कुंभार म्हणून नावारूपाला आला.

घडण

१९४८ च्या सुमारास उच्च तापमानाची विजेची भट्टी आली आणि री स्टोनवेअरकडे वळल्या. फुलदाणीचा घट व मान त्या चाकावर वेगवेगळी घडवीत, माती अर्धवट सुकल्यावर ती जोडीत. काठ ओला असतानाच हलक्या हाताने दाबून लंबगोल केला जाई. सामान्यतः भांडे एकदा भाजून, त्यावर झिलई देऊन पुन्हा भाजतात. री मात्र कच्च्या भांड्यावरच कुंचल्याने झिलई देत आणि एकदाच भाजत. कच्ची माती झिलईतील पाणी शोषते. त्यामुळे पातळ भांडे हातातच ढासळण्याचा धोका असे.

इंग्लंडमधील एव्हबरी येथील संग्रहालयात त्यांनी प्रागैतिहासिक वाडगे आणि त्यांवर रेषा कोरण्यासाठी वापरली गेली असावीत अशी पक्ष्यांची हाडे पाहिली. त्यातून सुईने बारीक रेषा कोरण्याची त्यांची पद्धत आकारास आली. मँगनीजच्या गडद तपकिरी थरातून खालची फिकट माती या रेषांतून डोकावते.

मान्यता

बटणेही विस्मरणात गेली नाहीत. जपानी वेशभूषाकार इस्सेई मियाके यांनी १९८९ च्या आपल्या वस्त्रसंग्रहात ती वापरली. १९९१ मध्ये ब्रिटनने री यांना ‘डेम’ किताब दिला. मात्र १९९० मधील पक्षाघाताने त्यांचे चाक तोवर थांबले होते. १ एप्रिल १९९५ रोजी त्यांचे निधन झाले. अल्बियन म्यूजमधील ती कार्यशाळा २००९ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या मृत्कला दालनात पुन्हा उभारण्यात आली. ज्या शहरात त्या निर्वासित म्हणून उतरल्या, त्याच शहराने त्यांची कामाची जागा राष्ट्रीय ठेव्यात जमा केली.